वळणाचे पस्तीस मैल

गूस बे, लॅब्रडोर
४ मार्च १९८७

ती. आईस,
सा. न.

ब्रिग टिकल गावातलं दुकान आणि पाठोपाठ शाळाही बंद झाल्याचं कळलं. आता तू तिथे एकटी राहू नयेस. बर्फ वितळायच्या आत मी स्वतःच विमान घेऊन येते.

दोन्ही धावपट्ट्यांचे अक्षांश-रेखांश घेऊन नकाशावर सरळ रेघ ओढली आणि अंतर काढलं. दोनशे बारा मैल. तू म्हणशील, कुत्र्यांच्या गाडीने आठवडा लागायचा. तुझ्याकडे इंधन मिळत नाही, म्हणून परतीचंही इथूनच भरून आणायचं. ते भरलं की जागा उरते तुला, एका पेटीला आणि तुझ्या शिवणाच्या मशीनला. विमान इवलंसं आहे, चूल मागू नकोस.

माझ्यावर रागावतेस तेवढी मायाही करत जा.
तुझी थर्झा

ब्रिग टिकल
१५ मार्च

चि. थर्झा हिस,
अ. उ. आ.

येते मी. चूल शेजारच्या केझायाला दिली. ती उन्हाळ्यात बोटीने मुलाकडे जाईल. चुलीसाठी का होईना, माझी आठवण काढेन म्हणाली.

हल्ली डोळे मिटले की तुझी ती रेघ दिसते. दोऱ्यासारखी बारीक, बर्फावरून निघालेली. पण ती टिंकर बेटावरून जात नाही ना? तुझ्या बाबांना तिथे ठेवून आलो तेव्हा तू चार वर्षांची होतीस. मासेमारीला गेलो होतो, दोन दिवसांच्या तापात गेले. नंतर मला तिकडे कुणी नेलं नाही. रेघ जराशी वाकवता येईल का?

जपून उडत जा.
तुझी आई

गूस बे
२४ मार्च

ती. आईस,
सा. न.

लोक अंतर कमी कसं होईल ते बघतात, तू वाढवायला सांगतेस. पुन्हा मोजलं. बेट पार बाहेर, समुद्रात आहे. पस्तीस मैल वाढतात. तेवढ्या इंधनाचं वजन जवळजवळ तुझ्या मशीनइतकं होतं. गावभरचे कोट शिवून त्याच मशीनवर तू मला वाढवलंस, तेव्हा हे मी ठरवणार नाही. शिवाय तिथे उतरता येणार नाही. ढग असले तर दिसणारही नाही.

खरं सांगू? इतकी वर्षं या भागात उडते आहे, पण त्या बेटाकडे मी कधी गेले नाही.

काय ते कळव, आणि लोभ ठेव.
थर्झा

गूस बे
१२ एप्रिल

चि. थर्झा हिस,
अ. उ. आ.

तू औषधं घेऊन उत्तरेला गेलीस, घर शांत आहे. समोर बसून बोलायला जमलं नाही, म्हणून लिहून टेबलावर ठेवते.

मशीन मागे सोडलं त्याचं दुःख नाही. केझायाचे टाके वेडेवाकडे, ते तरी सुधारतील. वर गेल्यावर मला वाटलं, आपण हलतच नाही आहोत, खालचं पांढरं जगच हळूहळू मागे सरकतंय. मग तू बोटाने बेट दाखवलंस. कबर कुठे, काही कळेना; सगळं बर्फाखाली. चल आता, म्हणाले मी. तू विमान पुन्हा वळवलंस. मग आणखी एकदा. मागची खुर्ची काढून या जादा फेऱ्यांपुरतं इंधन तू आधीच भरून आणलं होतंस, हे इथे उतरल्यावर, ती खुर्ची विमानाच्या शेडच्या कोपऱ्यात दिसली तेव्हा कळलं.

तिसऱ्या फेरीला ऊन पडलं. आपली सावली बर्फावरून पळत आली आणि बेटावर चढली. इतक्या वर्षांनी त्यांच्या अंगावरून माझी सावली गेली, बाळ. तुझीही.

खारा मासा भिजत घातलाय. माया असू दे.
तुझी आई