उंबऱ्यावरची वायर

६ मार्च २०२२, रविवार

सकाळी मंदार मधल्या दारातून आला. चहा नको म्हणाला. उभ्या उभ्याच, "बाबा, तुमच्या कॉम्प्युटरला यूएसबी वायफाय घ्या. एवढंसं असतं, मागे खुपसायचं. मग ही वायर काढता येईल."

राउटर त्यांच्या फ्लॅटमध्ये, कॉम्प्युटर माझ्या. वायर उंबऱ्यावरून येते म्हणून मधलं दार पुरतं मिटत नाही, चार बोटं उघडं राहतं. सूनबाईंच्या ऑफिसचं काम आता घरून. पलीकडच्या खोलीत एसी बसवलाय. गार हवा सगळी माझ्याकडे येते म्हणे.

"मला नको तुमची हवा."

"गौरीही तेच म्हणतेय."

भिंतीला भोक पाडून वायर घेता आली असती. पण त्यांच्याकडे नवा रंग झालाय, चुरा नको. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं लोकांच्या भिंतींना भोकं पाडली, कुठल्या घरच्या बाईला मागून केरसुणी घ्यावी लागली नाही. हे बोललो नाही. कुणी विचारलंही नाही.

९ मार्च, बुध.

शेजारचा फ्लॅट मंदारने घेतला तेव्हा माझ्या बायकोने, सुमनने, हट्टाने भिंत फोडून हे दार करून घेतलं. नंतर ती तीन वर्षंही राहिली नाही.

फटीतून काय काय येतं. फोडणीचा वास. मंदारचा खोकला. मीटिंगमध्ये गौरीचं इंग्रजीतून दहादा "माझं ऐकू येतंय का?" अमेरिकेत येत नसावं. इकडे स्पष्ट येतं. मला कोणी विचारत नाही.

आज पाचवीतली पावलांच्या ठशांची कविता टाइप केली. शेवटचं कडवं काही केल्या आठवेना. जुन्या कवितांच्या ग्रुपवर टाकून ठेवली. आमच्यासारखी बरीच म्हातारी माणसं तिथे आहेत, कुणाच्या तरी तोंडात ते कडवं अजून असेल. बाई वर्गाच्या खिडकीकडे तोंड करून म्हणत, तो सूर मात्र जसाच्या तसा कानात आहे.

१२ मार्च, शनि.

साळवेला येरवड्याला फोन केला. एकाच एक्स्चेंजमध्ये आम्ही बावीस वर्षं. हा कॉम्प्युटर म्हातारा, त्याला नवं विंडोज पेलेना, तेव्हा साळवेनेच लिनक्स घालून दिलं.

"खोक्यावरचं नाव वाचून भुलू नकोस," म्हणाला. "आतली चिप बघ. जिला चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आधीच आहे तीच घे. खुपसलं की चाललं. बाकीच्यांना ड्रायव्हर बाहेरून आणून बांधत बसावं लागतं. नाव लिहून घे."

लिहून घेतलं.

"आणि जपून. एकाच नावाचं खोकं, आत कधी जुनी चिप, कधी नवी."

"माणसांसारखंच."

"कविता करू नकोस. दुकानात जा."

१६ मार्च, बुध.

गेलो नाही. नेटवर वाचतोय. एकाची अँटेनाची काडी फार लांब. एक तापतं. एकाचा दिवा निळा आहे, डोळ्यांत जाईल. साळवेने सांगितलेल्यात काही खोट सापडेना, म्हणून ते यादीत शेवटी ठेवलं.

गौरी फटीतून, "झालं का बाबा सिलेक्शन?"

"बघतोय. घाई करून चालत नाही."

"मला बघायला आलात तेव्हा अर्ध्या तासात हो म्हणालात."

"तीच चूक पुन्हा नको."

गंमत म्हणून बोललो. तिने दार ओढून घेतलं. वायरीपर्यंतच आलं. त्याहून पुढे येत नव्हतं.

१९ मार्च, शनि.

कसब्यातून चालत तपकीर गल्लीत, कॉम्प्युटरच्या दुकानात. दुकानदाराने विचारलं, "काका, सिस्टीम कुठली?"

"लिनक्स."

माझ्या हातातलं खोकं त्याने काढून घेतलं. "मग हे नेऊ नका. ह्याचा ड्रायव्हर तुम्हाला बाहेरून बांधावा लागेल. हे न्या." मागच्या फळीवरून नेमकं साळवेचं काढून समोर ठेवलं.

मी पहिलंच घेतलं.

"अहो, चालणार नाही म्हणतोय. नंतर परत घेणार नाही हां."

"परत आणणार नाही."

घरी येताना पाय हलके. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पैसे मोजून न चालणारी वस्तू आणली. उद्या सांगीन, लागत नाही. वायर जिथे आहे तिथे राहील.

२० मार्च, रवि.

लावलं. कॉम्प्युटरने ओळखही दाखवली नाही. मंदारला हाक मारली. वाटलं, बघेल आणि "राहू दे" म्हणेल. तो लॅपटॉप घेऊन माझ्या कॉटवर मांडी घालून बसला. "ड्रायव्हर बांधतो बाबा, होईल."

साडेतीन तास. काळ्या खिडकीतून अक्षरं धो धो वाहत होती, तो बघत होता, मी त्याच्याकडे. कानशिलं पांढरी झालीत. कधी झाली? चहा घेतला. चिवडा घेतला. सुमनच्या फोटोखालची घडी उचलून माझे कपडे आपणहून कपाटात ठेवले.

मी म्हटलं, "चौथीतली बैलगाडीची कविता आठवते?" दोन ओळी म्हणाला. चालीवर. तिसरीला अडला. मला येत होती. दिली नाही. आठवेपर्यंत बसेल.

एक वाजता चालू झालं. वायर गुंडाळून घेऊन गेला. दार मिटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दाराचा आवाज ऐकला.

२६ मार्च, शनि.

नेट उत्तम. ग्रुपवर पावलांच्या ठशांचं कडवं मिळालं, नाशिकच्या एका बाईंकडून.

वाचून दाखवायला कोणी नाही. दाराला कान लावून पाहिला. लाज वाटली. एसीचा घुमारा फक्त.

३ एप्रिल, रवि.

परवा कॉम्प्युटरने विचारलं, नवं काही आलंय, घेऊ का? मी हो म्हटलं. बंद करून चालू केला तर वायफाय गायब. ह्यात माझा हात नव्हता, हे इथे नमूद.

मंदारने दार उघडलं, वायर पुन्हा उंबऱ्यावरून आणली, कॉटवर बसला. "कर्नल बदललाय. तो बदलला की ह्याचा ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागणार."

"दर वेळी?"

"दर वेळी."

मी चहा टाकायला उठलो.

१० एप्रिल, रवि.

रोज सकाळी आंघोळीआधी बघतो, नवा कर्नल आलाय का. पूर्वी निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्यासमोर असा उभा राहत असे.

१७ एप्रिल, रवि.

गुरुवारी नवा कर्नल आला. लगेच घेतला. आज मंदार.

काम अर्ध्यावर असताना बोलला, स्क्रीनकडे बघतच. कंपनीत माणसं काढतायत. त्याच्या हाताखालची चौघं गेली. पुढच्या यादीत तो असेल असं त्याला वाटतं. "गौरीला सांगितलं नाही अजून. तुम्हीही बोलू नका."

नाही बोलणार म्हटलं. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं. आमच्या वेळी सरकारी नोकरी, चिकटली की चिकटली. ह्यांच्या मोठमोठ्या काचेच्या इमारती आणि बाहेर काढताना शिपायाएवढाही मान नाही. हे सगळं मनात. त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर म्हणाला, "थांबा बाबा, एरर येतेय."

बैलगाडीची तिसरी ओळ त्याला आज आठवली. मग सहावीला अडला.

२७ एप्रिल, बुध.

दहा दिवस झाले. नवा कर्नल नाही. मंदारचं काय झालं असेल? दार मिटलेलं. फोनवर विचारावं तर गौरी शेजारी असणार. साळवेला विचारलं, कर्नल आपण होऊन मागवून घालता येतो का.

दुकानात काय झालं ते त्याने खोदून काढलं. मग म्हणाला, "अरे गाढवा, दुकानदाराने सांगूनही तू ते डबडं का आणलंस ते मला आत्ता कळलं."

"येतो की नाही तेवढं सांग."

"येतो. पण पोराला सरळ बोलव ना. ये म्हणावं, बस म्हणावं."

"कशासाठी म्हणून?"

"बाप आहेस."

तेवढं पुरत असतं तर...

तरी कमांड सांगितली. मी कर्नल घातला.

१ मे, रवि.

मंदार आला. कॉटवर बसला नाही. खुर्चीतच वाकून काहीतरी उघडलं, वाचलं. बराच वेळ वाचलं.

"हा आपणहून आलेला नाही. बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी मागवून घातलाय."

"चुकून दाबलं गेलं असेल."

"अख्खी ओळ टाइप करावी लागते बाबा. नोंदींचा लॉग वाचता येतो मला."

मी टेबलक्लॉथची सुरकुती सारखी करत राहिलो.

"तिकडे माझं काय चाललंय तुम्हाला माहीत आहे. आठवड्यात हा एक दिवस असतो. आणि तुम्ही मला हे..." ड्रायव्हर बांधला नाही. जाताना दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

चहा दोन कप टाकला होता.

४ मे, बुध.

कुरिअरने पाकीट आलं. पाठवणारा मंदार. बारा पावलांवरून. आत नवं वायफाय, नेमकं साळवेच्या यादीतलं. चिठ्ठी नाही.

खुपसलं. चहाचा घोट गिळेपर्यंत नेट सुरू. दिवासुद्धा निळा नाही.

८ मे, रवि.

नवा कर्नल आला. घेतला. बंद करून चालू केला. वायफाय जागच्या जागी.

कोणी येण्यासारखं काही घडलं नाही.

१३ मे, शुक्र.

सलग तीन दिवस दुपारी पलीकडे मंदारचा आवाज नाही. पूर्वी मीटिंगांमुळे दारातूनही पुसट यायचा. गौरीचा येतो. त्याचा नाही. गॅलरीतून पाहिलं तर गाडी खाली उभी, म्हणजे तो घरीच.

कविता टाइप करायला बसलो. एकही ओळ पुरी आठवेना.

१५ मे, रवि.

सकाळी पांढरा शर्ट घातला. मधल्या दारावर टकटक करावी असं वाटलं, पण ते आता त्यांच्या बाजूने कपाट सरकवून बंद केलंय. मग आपल्या दारातून बाहेर पडून, पॅसेजमधून, त्यांच्या पुढच्या दाराशी. बेल वाजवली.

मंदारने उघडलं. दाढी वाढलेली. घरातली चड्डी. मागे गौरी, हातात चहाचा कप. मला अशा दारात बघून दोघंही चमकले.

"काय झालं बाबा? नेट गेलं?"

"नाही. नेट आहे."

गौरी तिथेच उभी होती. तिला सांगितलंय की नाही, त्याच्या तोंडावरून कळेना. तो माझ्याकडे बघत राहिला, हात अजून कडीवर.

"मग?" म्हणाला.