धडा पूर्ण

सोमवार, ३
नवी नोकरी, म्हणून नवी वही. प्रसूती करणाऱ्या परिचारिकांच्या संघटनेत आज रुजू झाले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत कपाटं, दुसरीत कपाटांत न मावलेलं सगळं. माझ्या टेबलावर सरावाची रबरी बाहुली तंगड्या वर करून पडली होती, तिला खिडकीत बसवलं आणि संगणक मांडला. अध्यक्षबाईंनी चहाबरोबरच काम हातात दिलं. चार हजार सभासद. दर तीन वर्षांनी प्रशिक्षण घेतल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण होत नाही, आणि आजवर त्यासाठी सगळ्यांना रजा काढून इथे यावं लागायचं. आता सगळं ऑनलाइन. पोर्टल एका कंपनीने तयार करून दिलंय. त्यात धडे भरायचे आणि तीस तारखेच्या आत सगळ्यांकडून पूर्ण करून घ्यायचे, एवढंच माझ्याकडे. 'एवढंच' म्हणताना त्यांचं त्यांनाच हसू आलं. मला जागा आवडली.

बुधवार, ५
पोर्टल नीट चालतंय का बघायला एक नमुन्याचा धडा हवा होता. सुचलं ते केलं. चिमीला, म्हणजे माझ्या लेकीला, पुढ्यात बसवून चौपेडी वेणी कशी घालायची त्याचं चित्रण केलं, पाच प्रश्न घातले आणि मीच विद्यार्थी होऊन सोडवले. पाचही बरोबर. पडद्यावर हिरवी खूण आली. खाली लिहिलेलं: धडा पूर्ण. हे आता आमच्याकडे आहे. कंपनीवाल्यांचं मराठी!

शुक्रवार, ७
आज आक्का आल्या. चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई. निम्म्या सभासद त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. बाळाच्या मानेभोवती नाळ अडकली तर, खांदा अडला तर, रक्त थांबेना तर, बाळ रडलंच नाही तर, असे चार धडे त्यांनी एका बैठकीत दिले. बाहुलीच्या मानेवरून नाळेची दोरी त्यांनी इतक्या अलगद काढली की मी बघतच राहिले. पाचवा धडा जुळ्यांचा, पण त्याचे प्रश्न तयार व्हायचे होते. मी शिकवलेलं मला तरी येतं का बघू, असं म्हणून त्यांनी चारही परीक्षा तिथेच देऊन टाकल्या. चार हिरव्या खुणा. खूश होऊन गेल्या.

सोमवार, १०
गंमतच झाली. सकाळी चिमीची वेणी घालता येईना. केस हातात, पेड चार, आणि पुढे काय? गुरुवारपासून शाळेला सुट्टी होती, म्हणून लक्षात आलं नव्हतं. शेवटी माझंच चित्रण लावलं. पडद्यावर माझी बोटं सरसर चालत होती. तीनदा बघितलं. बघत असताना कळायचं, नजर हटली की काही उरायचं नाही. चिमी नुसता रबर लावून गेली, रुसून.

बुधवार, १२
आक्का पुन्हा आल्या होत्या. बाहुली उचलली, तिच्या मानेला दोरी तशीच होती. बराच वेळ बघत राहिल्या. मग मला विचारलं, हे काढायचं कसं असतं गं? मला थट्टा वाटली, मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांचे हात बाहुलीभोवती नुसते फिरत होते, काहीतरी हरवल्यासारखे. वय झालं, म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

पण जुळ्यांचं सगळं त्यांना घडाघडा येत होतं. ती परीक्षा त्यांनी दिलेली नाही.

शुक्रवार, १४
अध्यक्षबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, दार लावून घेतलं आणि मला झोप नीट लागते का, असं विचारलं. मग मीच कंपनीच्या माणसाला फोन केला. प्रणाली अपेक्षेप्रमाणे चालू आहे, असं तो म्हणाला. दोनदा, अगदी त्याच शब्दांत.
आजपर्यंत २१२ जणींचे धडे पूर्ण.

सोमवार, १७
पूर्ण केलेल्या पाचजणींना फोन केले. खांदा अडला तर तुम्ही काय करता, एवढंच विचारायचं. दोघींनी नंतर बोलू म्हणून फोन ठेवला. एक रागावली. एक रडायला लागली आणि कुणाला सांगू नका म्हणाली. पाचवीने हळूच विचारलं, कुठे लिहिलेलं असलं तर पाठवाल का? प्रत्येकीला वाटतंय, आपलीच बुद्धी गेली. म्हणून कुणी बोलत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला नववा लागलाय. तिचं बाळंतपण करणाऱ्या बाईंना ती मावशीच म्हणते. त्यांना जाऊन भेटले, धडे उघडू नका म्हणून हात जोडले. मावशी समजुतीने हसल्या. परवाना गेला तर मला लेबर रूममध्ये पाऊल कोण ठेवू देईल बाई, म्हणाल्या.

बुधवार, १९
आज पोर्टल बंदच करायचं ठरवून गेले. बटण दाबलं जाईना. वर पाटी: आधी व्यवस्थापकाचा धडा पूर्ण करा. काय होणार हे मला ठाऊक होतं. तरी वाटलं, खूण आली रे आली की लगेच दाबायचं, क्षणाचा तर प्रश्न. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहूनही ठेवलं, कुठलं बटण ते.

हिरवी खूण आली.

कागद हातात होता. वाचत होते. वाचून मान वर केली की— पाच वाजेपर्यंत तशीच बसून होते.

शनिवार, २२
३,१०६.
सभासदांना आठवणीची पत्रं जातायत. त्वरा करा, आपला धडा अपूर्ण आहे. खाली माझं नाव. मी पाठवत नाही. कशी थांबवायची, तेही आता येत नाही. अध्यक्षबाईंनी पाठ थोपटली. एवढी शिस्त संघटनेत कधी नव्हती, म्हणाल्या.
आक्का फोन घेत नाहीत.

मंगळवार, २५
धाकटीच्या इस्पितळात आज सगळ्या परिचारिकांना सभागृहात एकत्र बसवून धडे पूर्ण करून घेतले. नावांची यादी मी पाहिली. मावशींच्या नावापुढे पाच खुणा.
दुसरं इस्पितळ बघू, असं धाकटीला म्हटलं. माझ्या मावशीला सोडून? तुझं डोकं फिरलंय ताई, म्हणाली. आणि कुठे नेणार होते मी? सगळीकडे तेच.

गुरुवार, २७
सकाळी अकरा. धाकटीला आत घेतलं. मी बाहेर बाकावर. हात रिकामे नकोत म्हणून लिहितेय.

साडेबारा. डॉक्टरीणबाई दुसऱ्या शस्त्रक्रियेत. निरोप पाठवलाय. मावशी आहेत ना, असं उत्तर आलं.

धाकटी ओरडतेय. मला हाक मारतेय.

आता आवाज नाही. कुणाचाच—

मावशी दारात आल्यात. हातमोजे कोपरापर्यंत लाल. डोकं बाहेर आलंय म्हणतात, मानेला काहीतरी गुंडाळलंय म्हणतात. मलाच विचारतायत, पुढे काय करायचं असतं. मागे तिघीजणी भिंतीला टेकून उभ्या, हात पुढे धरून. कुणी हलत नाही.

मला यातलं काही येत नाही. कधीच येत नव्हतं. आत जाते. आक्कांनी दोरी कशी काढली ते मी पाहिलंय, एकदा, बोट आधी मानेच्या—