नाशिकचा तारा कोसळला नाही, त्याचा खुलासा

नाशिक,
२८ एप्रिल १९३५

तीर्थरूप नाथादादांस,

सावळीरामचा साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व इकडे सुखरूप आहोत (सर्व म्हणजे दोघंच, पण पत्रात दोघं लिहिलं की घर फार रिकामं वाटतं). तुमचा दमा उन्हाळ्यात कसा आहे ते कळवावं. सायखेड्याच्या शेतातला नवा कांदा एका ओळखीच्या हाती धाडला आहे, पोचला असेल. अक्षर मोठं झालं आहे आणि ओळी डोंगर चढायला लागल्या आहेत, त्याबद्दल क्षमा असावी. तीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवलेल्या मास्तरनं असं लिहावं याला कारण आहे, आणि ते पुढे येतंच.

तुमचं कार्ड मिळालं. आपल्या तारे पाहणाऱ्या मंडळातल्या अकराजणांपैकी दहाजणांच्या तक्त्यांत शौरी तारकासमूहातला नवा तारा एप्रिलच्या सुरुवातीला धाडकन कोसळला, आणि एकट्या नाशिकच्या तक्त्यात तो म्हाताऱ्यासारखा कठडा धरून सावकाश उतरतो आहे, तेव्हा नाशिकला वेगळं आकाश मंजूर झालं आहे काय, असं तुम्ही विचारता. विचारणं रास्त आहे. खुलासा न आल्यास नाशिकची डिसेंबरपासूनची सगळीच निरीक्षणं रद्द करणार, हेही रास्त आहे. पण दादा, साडेचार महिन्यांच्या पहाटा आहेत त्या. एका रेघेनं जाऊ देऊ नका. म्हणून झालं ते सगळं सांगतो, सांगायची लाज वाटते तेही.

डिसेंबरात तुम्ही तारा उगवल्याचं कळवलंत तेव्हा रमजान चालू होता. आमच्या गच्चीला लागूनच घड्याळजी इब्राहिमभाईंची गच्ची. ते सहेरीला, रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, उठायचे आणि भिंतीवरून मला हाक मारायचे (हाकेत मिनिटासह वेळ सांगायचे, धंद्याची सवय). मी शाल गुंडाळून तुम्ही शिकवलेल्या पद्धतीनं बसायचो: एक ठळक तारा धरायचा, एक मंद धरायचा, आणि आपला पाहुणा दोघांच्या मधे कुठे बसतो ते लिहायचं. पहिले आठ-दहा दिवस पाहुणा चढत गेला, आम्ही दोघं खूश. मग मला काही वेगळंच दिसायला लागलं. पाहुणा तर मंदावलाच, पण त्याच्या शेजारचे जुने तारेही मंदावू लागले. आधी एक, मग दुसरा. नवीन वर्षाच्या पहिल्या तारखेला मी तुम्हाला कळवलं की शौरीशेजारच्या कालेय तारकासमूहाच्या डोक्यातले चारही तारे विझत चालले आहेत आणि जगात हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. (ते कार्ड तुम्ही मंडळात मोठ्यानं वाचलंत आणि हशा पिकला, असं कानावर आलं. असो.) मला इतका आनंद झाला होता की पेढे वाटायचेच बाकी होते.

इब्राहिमभाईंना मी शोध सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावलं, दाराशी उजेडात बसवलं, घड्याळं बघायचं भिंग डोळ्याला लावलं आणि माझ्या दोन्ही डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. मग भिंग काढून म्हणाले, "मास्तर, घड्याळ बरोबर चालतंय. काच धुरकटलीय." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार तारे वाचले, मी बुडालो.

लवकरच ईद झाली. इब्राहिमभाईंना सहेरी उरली नाही, आणि त्यांची झोप मोडायला मला तोंड उरलं नाही. तेव्हा आमच्या घरातल्या मंडळींना गच्चीवर उभं केलं. यांना काय समजणार, म्हणून मी खडूनं फळ्यावर आकाश काढलं आणि वर्गात शिकवावं तसा लांबण लावून शिकवू लागलो. दोन मिनिटं ऐकून तिकडून विचारणा झाली, "दोन चांदण्यांच्या मधी तिसरी तोलायची, येवढंच ना?" येवढंच होतं, दादा. त्या दिवसापासून ती बघायची आणि सांगायची, "वरचीपासून सहा आणे खाली." "आज सात आणे." (दोन चांदण्यांमधलं अंतर म्हणजे तिचा रुपया.) मी त्याचे आकडे करून धाडायचो. फेब्रुवारीत तुम्ही कौतुकानं लिहिलंत की नाशिकची निरीक्षणं हल्ली फार नेटकी येतात. ते कार्ड मी घरात वाचून दाखवलं नाही.

आता खरी गोष्ट. मार्चअखेर मी सगळे आकडे मोठ्या कागदावर मांडले (भिंगातून, पण मांडले) आणि त्यांतून एक वळणदार रेघ काढली. चित्रकलेच्या मास्तरची रेघ! ती इतकी डौलदार उतरत होती की मला थांबवेना. मी ती तशीच पुढे जूनपर्यंत नेली, आणि वर शाईनं गिरवली. आणि पाडव्याच्या सुमारास ही बाई म्हणते, "लय खाली गेली हो एकदम." मी म्हटलं, नीट बघ. दुसऱ्या दिवशी, "दिसती न दिसती." मी म्हटलं, झोपेत आहेस, तोंड धुऊन ये. ती तोंड धुऊन आली, पुन्हा पाहिलं, तेच म्हणाली. मी माझ्या रेघेवरून आकडा काढला आणि लिहिला. असं आठ दिवस. शेवटी रामनवमीला ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. नसलेली चांदणी मी कुठून आणू?" आणि खाली जाऊन चूल पेटवायला लागली. मी त्याही दिवशी रेघेतला आकडा लिहिला.

तुमचं कार्ड आल्यापासून मी याच गोष्टीचा विचार करतो आहे. त्या ताऱ्याचा उजेड निघाला तेव्हा माझे खापरपणजोबाही जन्मले नव्हते. त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. आणि हाताच्या अंतरावर, थंडीत पदर गुंडाळून उभी असलेली बाई खरं बोलते आहे, हे मला पुण्याहून तुमचं कार्ड आल्यावर कळलं. मला वाईट वाटलं. मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, आधी डोळ्यांचं बघा.

वडील मंडळींस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला,
सावळीराम

ता. क. सोबत एप्रिलचे खरे आकडे जोडले आहेत. तिनं ते लिहून ठेवले नव्हते, पण कुठल्या पहाटे काय दिसलं हे तिला त्या दिवशी घरात काय रांधलं त्यावरून बिनचूक आठवलं. तुमच्या दहाजणांशी ताडून पाहा.

ता. क. २. एवढं मोठं पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो. डिसेंबर आणि जानेवारीच्या सुरुवातीची निरीक्षणं खुशाल रद्द करा, ती माझी आहेत. ईदेनंतरची ठेवा, एप्रिलची तेवढी सोबतच्या आकड्यांनी बदला. फक्त त्या रकान्याच्या माथ्यावरचं माझं नाव खोडून तिथे 'चंद्रभागा' असं लिहा. लग्नाला एकतीस वर्षं झाली. इतकी वर्षं 'मंडळी' आणि 'घरातून' यांवर भागलं. हे नाव मी कागदावर आज पहिल्यांदा लिहितो आहे. मंडळात पुन्हा हशा पिकला तर पिको.

ता. क. ३. डोळ्याची शस्त्रक्रिया पावसाळ्यानंतर करायचं कबूल केलं आहे. तोवर ती रोज पहाटे वर जाते. आज खाली येऊन म्हणाली, "नाय दिसत." मी काही विचारलं नाही. लिहिलं, 'नाही दिसत.'