अक्काच्या नावाचा शंख

गेल्या गुरुवारी सकाळी मी संग्रहालयातल्या माझ्या टेबलावर, काळ्या कागदावर, एकतीस शंख लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले. सगळ्यांत मोठा तांदळाच्या दाण्याएवढा. सगळे एकाच किनाऱ्यावरचे, कधीच न उघडलेल्या एका जुन्या काचेच्या नळीतले. ओळ पुरी झाली आणि मी ती पुन्हा उलट्या बाजूने तपासली. संध्याकाळी घरी आल्यावर मृत्युपत्र लिहायला घेतले.

तर मी, वय एकोणपन्नास, समुद्री गोगलगायींचे बारीक शंख ओळखून त्यांचे वर्णन लिहिण्याच्या कामावर चोवीस वर्षे असलेला, देवाला स्मरून आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहितो. बुद्धी ठिकाणावर आहे. आमच्या संचालकांचे मत वेगळे आहे, त्याचीही नोंद असावी.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, आणि बँकेत जे काही निघेल ते पत्नीचे. स्वयंपाकघरातला नळ माझ्या मेहुण्याने "दाजी, दहा मिनिटांचं काम" म्हणून बसवला. तो सहा वर्षे गळतो आहे. माझ्यामागे मेहुण्याने त्या नळाला हात लावू नये.

२. माझे स्वतःचे भिंग आणि बारीक टोकाचे ब्रश मुलीला. ती नको म्हणेल, तरी द्यावेत. एवढासा शंख चिमट्याने धरायचा नसतो, फुटतो. ओल्या ब्रशच्या टोकाला चिकटवून उचलायचा. हे मी दर वर्षी नव्या लोकांना सांगतो आणि दर वर्षी शंख फुटतात.

३. संचालकांना काही नाही. लाकडी खणांतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शंखांवर पांढरी पूड धरते आणि ते झिजत जातात, असे मी चार अर्ज करून कळवले. त्यावर नवे, पॉलिश केलेले लाकडी खण आले. "बघा, तुमच्या गोगलगायींना बंगला बांधून दिला!" माझ्या शोकसभेत त्यांनी बोलू नये. बोललेच तर गोगलगायीला किडा म्हणू नये. चोवीस वर्षांत एवढे एक जमलेले नाही.

४. अकरा वर्षांपूर्वी मी एका नव्या जातीचे वर्णन छापले. माझी तेवढी एकच. तिला थोरल्या बहिणीचे नाव दिले, कारण आई गेल्यावर अक्कानेच मला बखोटीला धरून गावच्या शाळेत नेऊन बसवले. तेव्हापासून ती भाजीवालीलाही ऐकवते, "माझ्या नावाचा शंख आहे समुद्रात, नीट तोल."

पूर्ण वाढ झाली की या जातकुळीतल्या शंखांच्या तोंडाची कड जाड होते. माझ्या नमुन्यांची कड पातळ होती, आणि तेच मी वेगळेपण म्हणून लिहिले. गुरुवारच्या ओळीत ती पातळ कड हळूहळू जाड होत गेलेली दिसली. नवी जात कसली! किनाऱ्यावर ढिगाने सापडणाऱ्या शंखाचे ते पोर होते. असली चूक शिकाऊ माणूस करतो.

संचालकांना सांगितले. ते म्हणाले, "अहो, माहितीपत्रकाच्या कव्हरवर आहे तो. कोण बघायला येतंय? गप्प बसा."

मी गप्प बसायचे ठरवले. सगळे खरे लिहून पाकीट बंद केले आणि या कलमात लिहिले की ते माझ्या मृत्यूनंतर उघडावे. शुक्रवारी पत्नीने हा कागद वाचला.

"वा! म्हणजे अक्कांपुढे तोंड घेऊन मी जायचं? तुम्ही म्हणजे गोगलगाय आणि पोटात पाय!"

"अगं, तिचं मन दुखेल."

"तुम्ही मेल्यावर नाही दुखणार?"

रोज सकाळी हात जोडून 'खोटे बोलायला लावू नकोस' असे म्हणतो. देव कुठे लावत होता? मीच बोलत होतो.

रविवारी अक्काकडे गेलो. ती चादरींच्या घड्या घालत होती.

"म्हणजे अकरा वर्षं तू माझ्या नावावर दुसऱ्याचं पोर नांदवलंस?"

"हो."

"आणि आता माझं नाव पुसणार?"

"पुसत नाहीत, अक्का. यादीत खऱ्या नावाच्या खाली राहतं. चूक म्हणून."

"चूक तुझी आणि नाव माझं! लहानपणापासून हेच चाललंय."

तिने पुढची चादर झटकली. मी चादरीची दोन टोके धरून उभा राहिलो. मग म्हणाली, "भाजीवालीला मी सांगणार नाही. तूच जा." गेलो. सांगितले.

सोमवारी सकाळी, सगळ्या एकतीस शंखांच्या मापांसह आणि माझ्या सहीने, दुरुस्तीचा लेख नियतकालिकाकडे पाठवला. संचालकांना प्रत दिली. पाकीट फाडून टाकले. कलम चार रद्द समजावे, कारण ते काम मी हयातीतच केले आहे.

लिहून देणार: (सही)

आमच्या समोर सही केली:
संग्रहालयात लेबले लिहिणाऱ्या बाई (सही)
खालच्या मजल्यावरचे डॉक्टर (सही)

स्थळ: राहत्या घरी, जेवणाचे टेबल
मंगळवार, ११ मार्च