दहापैकी किती दुखते

११ जानेवारी

दहापैकी आठ!

तसंच लिही रत्ना. सिविक सेंटरच्या मागं सुईवाली डॉक्टरीण आहे, स्नेहल. तिनं सांगितलं, "आजी, रोज खांदा किती दुखतो त्याला दहापैकी मार्क द्या, वहीत मांडा." म्हटलं, बाई, मी शाळेची पायरी नाही चढली, आता सत्तरीत दुखण्याले मार्क देऊ का! म्हणे, सुनेकडून लिहून घ्या. म्हणून आमची रत्नमाला पेन घेऊन बसली आहे. अर्धा जीव गॅसवरच्या दुधात.

डॉक्टरणीले फक्त आकडा सांगजो. बाकी वही माझी. तुझ्या नवऱ्याले त दाखवूच नको.

१२ जानेवारी

सुई घेतली. उजव्या खांद्यावर, मानेच्या बुडाशी. आत औषध नाहीच म्हणे — कोरडी सुई! मी विचारलं, "औषध नाही त टोचते कावून?" हसली. "आजी, स्नायूत गाठ बसली आहे, दोरीला बसते तशी. सुई नेमकी तिथं लागली की गाठ उडते, मग ढिली पडते."

अन् खरंच वो — आतमध्ये मासोळीनं शेपटी मारावी तसं झालं! मी अशी ओरडली की बाहेर बसलेली एक बाई नंबर सोडून घरी गेली.

मग स्नेहल विचारते, "या खांद्यानं काय उचलता आजी?"

म्हटलं, नवरा.

तिले वाटलं, बुढी गंमत करून राहिली.

१३ जानेवारी

नऊ. टोचलं तिथं ठणकते. दोन दिवस ठणका राहते म्हणे. रत्नानं शेक दिला. जरा जास्तच गरम दिला. लिही, लिही — खोटं नाही सांगून राहिली मी!

१५ जानेवारी

सात.

बुढ्याले लकवा मारून तीन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकतीस वर्षं प्लांटमध्ये क्रेन चालवली त्यानं. लोकांच्या डोक्यावरून टनाटनाचं लोखंड नेलं, कोणाले खरोच नाही आली. आता मी त्याची क्रेन. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, परत खाटेवर. दिवसाच्या सहा खेपा. त्याचा चांगला हात माझ्या गळ्यात, माझा खांदा त्याच्या काखेत. दुसऱ्या कोणाले हात लावू देत नाही. बबलूनं उचललं त डोळे गच्च मिटून घेते. पोटच्या पोराले लाजते!

काल बबलू म्हणाला, "आई, अब तेरे से नहीं होता. रायपूरले एक सेवाघर आहे, चोवीस तास माणसं असतात. एक महिना पाहू, नाही त मी फॉर्म भरतो." बुढ्याच्या उशाशी उभा राहून बोलला! लकवा जिभेले झाला बापा, कानाले नाही.

पोरगा वाईट नाही. नाईट करून येते, झोपेत जेवते. पण मी म्हटलं, महिन्यात खांदा बरा करून दाखवीन.

१९ जानेवारी

सात. दुसरी सुई. स्नेहल रागावली. "वजन उचलू नका म्हटलं होतं ना!"

म्हटलं, वजन कुठं, माणूस आहे.

२२ जानेवारी

सहा.

बुढा रुसला. अर्धी पोळी झाली की तोंड बंद. चमचा दातावर वाजते, दार काही उघडत नाही. म्हटलं, "काहो, पन्नास वर्षांनी माझ्या हातचं वरण कडू लागून राहिलं काय?" हसला. एकाच बाजूनं हसते आता. पण तोंड उघडलं नाही.

रायपूरचा राग असन. मग माझ्यावर कावून काढते?

२७ जानेवारी

पाच!

तिसरी सुई परवा झाली. आज संडासातून आणताना मधात थांबा नाही घ्यावा लागला.

२ फेब्रुवारी

चार. सकाळी एका दमात उचललं! बबलू दारातच उभा. "आई, सच में आराम है?" म्हटलं, सुई होय बापा, सुई! म्हणाला, "ठीक आहे. रायपूर राहू दे."

जामुलच्या बहिणीले फोन केला. तिचं कंबरडं मोडलं आहे. म्हटलं, ये, तुलेही टोचून आणीन.

खीर केली. बुढ्यानं दोन चमचे घेतले. बाकी मीच खाल्ली, रागारागानं.

६ फेब्रुवारी

तीन. बुढ्याच्या पायजम्याची नाडी ढिली झाली, घसरते. नवी टाकली.

९ फेब्रुवारी

स्नेहल घरी आली. उचलायची बरोबर रीत शिकवते म्हणे. आधी माझा खांदा दाबला. मी किंचाळली.

"आजी, गाठ तर तशीच आहे. मग आकडा तीन कसा?"

म्हटलं, उचलताना नाही दुखत आता.

बुढ्यानं डोळे गच्च मिटले, तिनं रीतीनं उचललं. अन् तशीच थांबली. "यांचं वजन किती होतं?" रत्नानं दवाखान्याचा कागद काढला — जानेवारीच्या सुरुवातीले सत्तावन्न. स्नेहलनं गाडीतून काटा आणला. बुढ्याले उचलून त्यावर उभी राहिली, मग एकटी. रत्नानं वजाबाकी केली.

एकोणपन्नास.

मी खाटेवर बसली. विचारलं, "कावून जी? भूक नाही लागत?" मान हलवली — लागते. "मग?" त्यानं चांगला हात आपल्या पोटावर ठेवला. मग माझ्या खांद्यावर ठेवला. थोपटलं दोनदा.

क्रेनवाला! क्रेनले झेपत नसन त लोड कमी करा. एकतीस वर्षं तेच केलं त्यानं. अन् मी महिनाभर सुईचे गुण गाऊन राहिली.

म्हटलं, "आज दोन पोळ्या खा." अर्धी खाल्ली. पाया पडली त्याच्या. तोंड बंद.

रत्ना, रडू नको, कागद भिजते.

१० फेब्रुवारी

बबलूले म्हटलं, फॉर्म आण. तिथं चार जण उचलतीन त बुढा पोटभर जेवन तरी.

अंगठा मीच लावला.