सहा चौकोनांची दरी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, विधवा, अपत्य नाही, व्यवसाय व्हिडिओ गेमचे टप्पे आखणे (आता निवृत्त), हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी थेट दोनपर्यंत आले. डॉक्टर शहाऐंशीनंतर मोबाइलमध्ये बघत होते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. या वयात दडपण आणायलासुद्धा कोणी फिरकत नाही.

टाइप करणारी माझी भाची आहे, बहिणीची मुलगी. ती वकील आहे आणि माझ्याकडून फी घेत नाही, म्हणून मध्ये मध्ये बोलायचा आपल्याला अधिकार आहे असे ती समजते.

कलम १. माझी राहती जागा, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर, आणि बँकेत जे काही असेल ते, भाचीला द्यावे. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने आखलेले चौकोन आहेत. रंग देताना ते पुसले गेले तरी चालतील. यजमानांना त्यांचा फार राग होता. "पाहुणे विचारतात, घरात लहान मूल आहे का," असे ते म्हणत. मूल नव्हते. मी होते.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे पेन्सिली, खोडरबर, पोलादी पट्टी आणि ग्राफ पेपरच्या न वापरलेल्या एकवीस वह्या, यजमानांच्या पुतण्याला द्याव्यात. तो मोबाइल गेमच्या कंपनीत आहे. त्याला यातले काही लागणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी द्यावे, आणि देताना पुढचा मजकूर त्याला वाचून दाखवावा, कारण माझ्या हयातीत त्याने तो कधी पूर्ण ऐकून घेतला नाही.

बाळा, मी या धंद्यात आले ती भरतकामातून. एका महिला मासिकासाठी मी फुलीच्या टाक्यांचे नमुने काढत असे: इथे लाल चौकोन, इथे हिरवा, लांबून बघितले की पोपट. टीव्ही दुरुस्तीचे दुकान असलेल्या एका गृहस्थाने वरच्या तीन खोल्यांत गेम कंपनी काढली होती. त्यांच्या बायकोने मासिक पुढे करून विचारले, "ही बाई चौकोनांत पोपट बसवते, माणूस नाही का बसवणार?" अशी मी कॉम्प्युटर कधी न पाहता कॉम्प्युटरच्या धंद्यात पडले. त्या गृहस्थांना आम्ही पुढे मालक म्हणत असू.

माणूस सोळा बारीक चौकोन उंच आणि सोळा रुंद असायचा; टप्पा आखताना तेवढ्या सगळ्यांचा मिळून एकच मोठा चौकोन धरायचा. त्यात त्याला मान देण्याइतकी जागा नव्हती, म्हणून मी मफलर दिला. आज तुझा एक फोटोही मावणार नाही एवढ्याशा जागेत सगळा गेम बसवायचा असे, त्यामुळे एकच चित्र पांढरे रंगवले की धूर आणि हिरवे रंगवले की झाड. लोकांना वाटायचे, काय कल्पकता आहे. कल्पकता कसली, जागेची टंचाई होती.

त्याआधीचे गेम नाण्यावर चालत, दुकानांत उभ्या कपाटांमध्ये. खेळणारा तीनेक मिनिटांत मेला पाहिजे, नाहीतर मागचा कंटाळून निघून जाणार, असा हिशेब. पण मेलेल्याने चिडून यंत्राला लाथ मारता कामा नये, त्याने पुन्हा नाणे काढले पाहिजे. म्हणून या धंद्याचा पहिला नियम ठरला: हरणाऱ्याला मनापासून वाटले पाहिजे की चूक माझीच होती. हा नियम लक्षात ठेव, पुढे कलम ५ मध्ये त्याचे काम आहे.

दुसरा नियम: सूचना लिहायच्या नाहीत. पहिल्या टप्प्यात पहिला खड्डा उथळ ठेवायचा, पडला तर चढून वर येता येईल एवढाच. माणूस एकदा पडतो, वर येतो आणि उडी शिकतो. तिसरा नियम: गेम संपला पाहिजे. यावर तू मला म्हणाला होतास, "काकू, संपला तर माणूस जाईल ना. आमचा अख्खा डिपार्टमेंट त्याने जाऊ नये यासाठीच आहे." तेव्हा मी गप्प बसले, कारण तुझी आई समोर होती. आता सांगते. आम्ही माणसाला तीन मिनिटांत मारून घरी पाठवत होतो. तुम्ही त्याला मरूही देत नाही.

कलम ३. जुना कॉम्प्युटर, त्याला जोडायचा टेपरेकॉर्डर व 'टपाल' या गेमच्या सात कॅसेटी संग्रहालयाला द्याव्यात. त्यांची दोन पत्रे आली आहेत. पाटीवर असे लिहावे: "गेम सुरू व्हायला पाच मिनिटे लागत. तेवढा वेळ टेपरेकॉर्डर किंचाळत असे व घरातील वडीलधारी माणसे त्याहून मोठ्याने." 'टपाल'चा नायक पोस्टमन आहे. तो छपरांवरून उड्या मारत पत्रे वाटतो. टप्पे बारा. बाराव्यात शेवटचे घर येते, आणि त्याच्या अलीकडे एक दरी आहे, जी आजपर्यंत एकालाही ओलांडता आलेली नाही.

कलम ४. वरील दरीसाठी मला मिळालेला जीवनगौरव पुरस्कार, पितळी, वजनदार, माझ्या धाकट्या दिराला द्यावा. "वहिनी पोरांचे खेळ काढतात" असे त्याने तीस वर्षे लोकांना सांगितले आणि पुरस्काराच्या दिवशी सगळ्यांत पुढे उभा राहून फोटो काढून घेतला. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकवायला उपयोगी पडेल.

पुरस्कार का मिळाला तेही लिहून ठेवते. गेम बाजारात येऊन गेल्यावर दहाएक वर्षांनी एका तरुण समीक्षकाने लांबलचक लेख लिहिला की ही दरी मुद्दाम आहे. जगात काही पत्रे पोचत नाहीत, असे म्हणे मला सांगायचे होते. मग दुसऱ्याने लिहिले, तिसऱ्याने प्रबंध केला. मला विचारले, तेव्हा मी नुसती हसले. त्या हसण्याला त्यांनी 'सूचक' म्हटले. पुढे मला बोलायला बोलावू लागले आणि पुरस्काराच्या वेळी मी 'अपूर्णतेचे सौंदर्य' या विषयावर चाळीस मिनिटे बोलले. टाळ्या भरपूर पडल्या. तिसऱ्या रांगेत शून्यराव (पाहा कलम ५) बसले होते. त्यांनीही वाजवल्या.

कलम ५. शून्यराव म्हणजे 'टपाल'चा प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ, वय पंचाहत्तर. हे नाव मीच ठेवले, कारण ते सगळे शून्यापासून मोजत. कॉम्प्युटर तसेच मोजतो. मी पहिल्या दिवशी दहा चौकोन आखून दिले तर म्हणाले, "बाई, यातला पहिला चौकोन शून्य, शेवटचा नऊ. भरतकाम विसरा आता." त्यांना, म्हणजे शून्यरावांना, माझ्या कपाटाच्या वरच्या खणातली पिवळी पडलेली एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात असे आहे:

"पोस्टमनची उडी. सर्वांत रुंद दरी ५ चौकोन. म्हणजे क्र. ० ते ४. याच्या पुढे गेलात तर बिचारा मरेल."

ही चिठ्ठी त्यांनी मला पहिला टप्पा आखायच्या आधी दिली होती. अकरा टप्पे मी तिच्याबरहुकूम आखले. बारावा घाईत आखला. चिठ्ठीवरचा पाचाचा आकडा डोक्यात होता, म्हणून शून्यापासून पाचपर्यंत रेघ ओढली. शून्य ते पाच सहा होतात, हे बोटांवर मोजले असते तरी कळले असते. गेम तपासून का पाहिला नाही, असे कोणी विचारील. पाहिला की. पण बाराव्या टप्प्यापर्यंत पोचू शकणारा माणूस आमच्या ऑफिसात नव्हता, इतका गेम मी कठीण केला होता. कॅसेटी दुकानांत गेल्या आणि दीड महिन्यात तक्रारीच्या पत्रांची पोती यायला लागली.

मालकांनी आम्हा दोघांना समोर उभे केले. कोणाचा तरी एकाचा पगार त्यांना तसाही जड होत होता. त्यांनी शून्यरावांना विचारले, "दरी किती ठेवायची, हे तुम्ही यांना लिहून दिलं होतं?"

"दिलं होतं."

"बाई, कागद आहे?"

"माझ्याकडे नाही," मी म्हणाले.

चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात होती, तिथून सात पावलांवर. यजमानांची नोकरी तेव्हा नुकतीच गेली होती, हे खरे आहे, पण ते कारण मी नंतर शोधले. त्या क्षणी मला फक्त लाज वाटली. चौकोन मोजायला ठेवलेली बाई चौकोन मोजायला चुकली, हे तिथे उभे राहून मला म्हणवले नाही. संध्याकाळी शून्यरावांनी आपला डबा आणि छत्री घेतली आणि ते गेले.

एवढ्यावर भागले असते तर मी कदाचित निगरगट्ट होऊन विसरलेही असते. तीन दिवसांनी ते ऑफिसच्या दारात आले. आत आले नाहीत. म्हणाले, "बाई, घरी बसून सगळं आठवून बघितलं. चिठ्ठी लिहिल्याचं आठवतंय, तुमच्या हातात दिल्याचं काही आठवत नाही. माझ्याकडूनच राहिली असणार. तुमचा एवढा चांगला टप्पा माझ्यामुळे बिघडला." धंद्याचा पहिला नियम मी आयुष्यात एकाच माणसावर शंभर टक्के यशस्वी करून दाखवला, तो असा.

त्यांना पुन्हा कोणी गेममध्ये घेतले नाही. दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची नोकरी संपली. गेली अडतीस वर्षे ते महिन्यातल्या पहिल्या रविवारी माझ्याकडे येतात आणि विचारतात, "काही बिघडलंय का?" नळ, इस्त्री, दाराची कडी, जे असेल ते दुरुस्त करतात. भरपाई करतात ते. काही बिघडलेले नसेल तर मी आदल्या दिवशी बिघडवून ठेवते, कारण रिकाम्या हाताने बसले की ते त्या टप्प्याबद्दल बोलू लागतात.

मी गेल्यावर ही चिठ्ठी त्यांना पोचावी, म्हणजे त्यांना खरे कळेल आणि मला त्यांचे तोंड बघावे लागणार नाही. मला ही व्यवस्था उत्तम वाटली होती.

कलम ६. इथे भाचीने टाइप करणे थांबवले. तिने काय म्हटले ते तसेच लिहावे असा मी आग्रह धरला.

"मावशी, हा कबुलीजबाब झाला. मृत्युपत्रात असलं काही बसत नाही."

"बसव. मी सोळा चौकोनांत माणूस बसवला आहे."

"बरं, बसवते. पण ते तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत. त्यांना पेसमेकर आहे. ते आधी गेले तर?"

"तर काय?"

"तर हे कलम गळून पडलं. ज्याला द्यायचं तो माणूसच नाही, म्हणून ती चिठ्ठी उरलेल्या सामानाबरोबर माझ्याकडे येणार. मी काय करू तिचं? आणि तू साक्षीदार म्हणून त्यांचं नाव सांगितलं आहेस. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार ठेवू नये. एक काहीतरी ठरव."

अडतीस वर्षे मी हा विचार सगळ्या बाजूंनी केला होता. ते आधी जाऊ शकतात, ही एक बाजू माझ्या मनात आलीच नव्हती. मी घाबरले, हे स्पष्ट लिहिते. भाचीला त्यांना लगेच फोन लावायला सांगितले.

कलम ७. (येथून पुढे माझ्या हस्ताक्षरात.) कलम ५ मधील देणगी रद्द. मजकूर मात्र खोडू नये. चिठ्ठी आज, भाचीच्या देखत, शून्यरावांच्या हातात दिली आहे, आणि त्यांनी कलम ५ पूर्ण वाचले आहे. त्यांना या मृत्युपत्रातून आता काहीही मिळणार नाही, त्यामुळे साक्षीला ते पात्र आहेत.

त्यांनी चिठ्ठी खिडकीपाशी नेऊन वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "म्हणजे मी दिली होती."

मी म्हणाले, "अक्षर तुमचंच आहे."

"अक्षराचं नाही विचारत. दिली होती."

"हो."

मी विचारले, "चहा घेणार?" ते नको म्हणाले. यापूर्वी चहाला ते कधी नको म्हणाल्याचे मला आठवत नाही. माझी सही झाल्यावर भाचीने कागद त्यांच्यापुढे केला आणि कुठे सही करायची ते दाखवले. त्यांनी पेन घेतले आणि साक्षीदाराला जेवढे लिहावे लागते त्यापेक्षा जास्त लिहिले. भाची म्हणते, कायद्याने त्याला हरकत नाही. सह्यांचे पान वेगळे आहे, ते मी अजून वाचलेले नाही; पाकीट बंद करण्याआधी वाचेन.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझा आहे.

ठिकाण : राहते घर, बाहेरची खोली
दिनांक : २१ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी चार

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार क्र. १ : (सही) तळमजल्यावरील औषधविक्रेते. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार क्र. २ : (सही) निवृत्त वजनकाटे दुरुस्तीकार. बाईंनी माझ्यासमोर, शुद्धीत असताना सही केली. माझी साक्ष एवढ्यापुरतीच आहे. माफी दिलेली नाही. सगळी पाने दोनदा वाचली, माफी कुठेही मागितलेली नाही. नुसता कागद दिला आणि चहा विचारला. येत्या पहिल्या रविवारी येतो. तेव्हा तोंडाने मागावी.