हलका केलेला नकाशा

१० फेब्रुवारी, मंगळवार

एका नकाशाची फाइल सव्वा जीबी! कुडाळला पूजाच्या छपाईच्या दुकानात नकाशे छापणाऱ्या प्लॉटरने हातभर कागद सोडला आणि बसला तो बसलाच. पूजा वैतागली — "मॅडम, ह्यो हत्ती माझ्या मशिनीत घालू नकात."

सोमवारी बैठक. होड्यांची वाट कायमची ठरणार, ती माझ्या ह्या नकाशावरून. आणि नकाशा कागदावर यायला तयार नाही!

११ फेब्रुवारी

कारण सापडलं. समुद्राची खोली मीटर-मीटरच्या चौकोनात मोजलेली, आणि फाइलमध्ये प्रत्येक चौकोन वेगळा काढला जातोय. साठ लाख चौकोन! ऑफिसातले शौनक सर फोनवर — "गेल्या वर्षीसारखं कर ना. सरासरी काढ, फाइल हलकी होईल."

वीस-वीस मीटरची सरासरी घेतली. चार एमबी. दोन मिनिटांत छापून हातात. हुश्श!

१२ फेब्रुवारी

नकाशा पडवीत पसरला होता. शेजारचे दाजी आले. डिसेंबरात त्यांची होडी बगळ्याच्या खडकावर आपटली, तेव्हापासून घरीच असतात. चाळीस वर्षं समुद्रात, आणि आपटले ओळखीच्या खडकावर! डोळे गेले, असं सगळे म्हणाले. मीसुद्धा. होडी आता मुलगा चालवतो, विनीत. दाजी तेव्हा एकच सांगत होते — "मी बोयो बघानच इलंय." म्हणजे वाट दाखवणारा तरंगता बोया बघूनच आलो. कोण ऐकतंय!

आज वाकून नकाशावर बोट ठेवलं. "गो, हयसर खडक होतो. खंय गेलो?"

"रंगात दिसत नसेल," म्हटलं. मनात म्हटलं, ह्यांना काय दिसतंय कप्पाळ!

१३ फेब्रुवारी

तरी चैन पडेना. मूळ आकडे उघडले. खडक आहे! तीन मीटर रुंद, ओहोटीला वर जेमतेम हातभर पाणी. सरासरीत आजूबाजूच्या पाण्याने गिळला. माझ्या नकाशात तिथे सहा मीटर खोल.

१४ फेब्रुवारी

रंगांचा थर तेवढा एकच चित्र करून टाकला, रेषा आणि अक्षरं होती तशीच ठेवली. अडतीस एमबी! एकही आकडा न गाळता. प्लॉटरपुढे पूजा आणि मी श्वास रोखून उभ्या. आला — निळ्यात लाल टिकलीएवढा खडक. एवढंच तर करायचं होतं.

१५ फेब्रुवारी

"गेल्या वर्षीसारखं कर." डोक्यातून जाईना. गेल्या ऑक्टोबरची फाइल उघडली.

खडक नाही. सही माझी. आणि होड्यांच्या वाटेवर बोये टाकले ते त्याच नकाशावरून.

दोनदा दाजींच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. भ्याड कुठली!

१६ फेब्रुवारी, सोमवार

बैठकीला निघण्याआधी गेले. सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या.

दाजींनी हळूच विचारलं, "म्हणजे माझे डोळे बरे आसत?"